खेळाचे यंत्र आणि त्याची मालकी



ग्रंथालयाच्या सभागृहात व्हिडिओ गेमविषयी बोलावयास उभ्या राहिलेल्या मनुष्याने आरंभीच थोडी क्षमायाचना करावी, अशी बहुधा अपेक्षा असते. मी ती करणार नाही. मी संगणकशास्त्राचा अभ्यासक नाही, हे खेळ तयार करणाऱ्यांपैकीही नाही. मी केवळ खेळणारा आहे आणि गेली तीस वर्षे खेळत आलो आहे. नित्य मैफली ऐकणाऱ्या रसिकाला गाण्याविषयी बोलण्याचा जेवढा अधिकार असतो, तेवढाच मला या विषयावर आहे. परंतु आज जो प्रश्न मी आपल्यापुढे मांडणार आहे तो ग्रंथालयाला मुळीच परका नाही. पैसे देऊन घेतलेली वस्तू आपली केव्हा होते, आणि ती पुढच्या पिढीच्या हाती देता यावी यासाठी काय लागते, हा तो प्रश्न होय.

खेळणाऱ्यांमध्ये एक जुना वाद आहे. कन्सोल, म्हणजे केवळ खेळासाठी बनविलेले आणि टीव्हीला जोडावयाचे यंत्र, हेच उत्तम असे एक पक्ष म्हणतो. दुसऱ्या पक्षाची निष्ठा घरच्या संगणकावर, ज्याला सर्वजण पीसी म्हणतात त्यावर असते. या दोहोंच्या कडेला एक लहानसा तिसरा पक्ष उभा असतो. तो पीसीच वापरतो, पण त्यावर विंडोजऐवजी लिनक्स चालवितो. वाद चालतो तो चित्रे किती रेखीव, सेकंदाला किती, आणि कोणत्या यंत्राची किंमत किती, यांवर. मी स्वतः या तिन्ही पक्षांत क्रमाने राहून आलो आहे, आणि माझे मत असे झाले आहे की हा वाद भलत्याच मुद्द्यावर चालला आहे. यंत्राची किल्ली कोणापाशी आहे, हे प्रथम विचारावयास हवे.

माझे बालपण भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत गेले. १९९४ च्या सुमारास माझे थोरले चुलतभाऊ दुर्गच्या बाजारातून एक यंत्र घेऊन आले. ते टीव्हीला जोडावयाचे, वरच्या खाचेत प्लॅस्टिकची एक चपटी डबी बसवावयाची आणि खेळावयाचे. त्या डबीला जाणकार लोक कार्ट्रिज म्हणतात. आमच्या वसाहतीत तिला कॅसेट असेच म्हणत. कॅसेटवर ९९९ खेळ असल्याचे छापलेले असे. प्रत्यक्षात पंधरा-वीस खेळच नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. खेळ सुरू झाला नाही, की दादा कॅसेट बाहेर काढून तिच्या तोंडावर जोराने फुंकर मारीत आणि पुन्हा बसवीत. त्या फुंकरीत शास्त्र किती होते कोण जाणे, पण आमची तिच्यावर श्रद्धा होती.

हे यंत्र जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल होते, हे मला फार उशिरा कळले. त्याहूनही उशिरा हे कळले, की असली नक्कल आमच्यासारख्यांच्या घरी पोहोचू शकली याचे एक कारण त्या मूळ जपानी यंत्राला कुलूप नव्हते, हे होय. कुलूप आले ते दोन वर्षांनी, तेच यंत्र अमेरिकेत गेले तेव्हा.

त्या कुलपाची हकिगत सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत १९७७ पासून अटारी कंपनीचे यंत्र घरोघर गेले होते. त्यासाठी कोणीही खेळ काढावा आणि विकावा, अशी स्थिती पुढे झाली. सुमार खेळांचा पूर आला, दुकानदारांकडे माल पडून राहिला आणि १९८३ साली हा सारा धंदाच कोसळला. हे पाहून निन्टेंडोने १९८५ च्या अमेरिकन यंत्रात एक लहानशी चिप बसविली आणि तिची जोडीदार चिप प्रत्येक कॅसेटमध्ये घातली. यंत्र सुरू होताच या दोन चिपांमध्ये सांकेतिक संभाषण होई. ते जुळले नाही, तर यंत्र दर सेकंदाला स्वतःस बंद करून पुन्हा सुरू करी आणि पडदा नुसता लुकलुकत राही. जोडीदार चिप फक्त निन्टेंडोच देणार. म्हणून कॅसेट बनवून घ्यावयाची तीही तिच्याकडूनच, आणि बाहेरच्या खेळकर्त्याने वर्षाला पाचच खेळ काढावयाचे, असा नियम झाला. खेळाचा दर्जा सुधारला, हे मान्य केले पाहिजे. परंतु आपण पैसे मोजून घरी आणलेले यंत्र आपल्याऐवजी त्याच्या निर्मात्याला विचारून चालते, ही गोष्ट येथून पुढे रूढ झाली.

हे कुलूप उघडण्याचे प्रयत्न झाले. अटारी गेम्स या कंपनीने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाला खोटे कारण सांगून त्या चिपमधील प्रोग्रॅमची प्रत मिळविली. १९९२ साली अपील न्यायालयात ही लबाडी तिला भोवली. त्याच वर्षी सेगा आणि अकोलेड या कंपन्यांच्या दाव्यात मात्र दुसऱ्या न्यायालयाने वेगळा निर्णय दिला. जुळणारा खेळ बनविण्यासाठी दुसरा मार्गच नसेल, तर दुसऱ्याचा प्रोग्रॅम उकलून त्याचा अभ्यास करणे हा न्याय्य वापर आहे, असे त्याने म्हटले. पुढे लिनक्सविषयी बोलताना हा भेद आपल्या उपयोगी पडणार आहे: चोरून आणलेली किल्ली वेगळी, आणि कुलूप निरखून स्वतः घडविलेली किल्ली वेगळी.

आता पीसीकडे वळू. आयबीएमने १९८१ साली आपला पीसी काढला तो घाईत, आणि बाजारात मिळणारे भाग जुळवून. त्यात तिचा स्वतःचा म्हणावा असा एकच मोठा घटक होता. यंत्र सुरू होताना प्रथम चालणारा, चिपमध्ये साठविलेला प्रोग्रॅम. कॉम्पॅक कंपनीने मूळ प्रोग्रॅमकडे न पाहणाऱ्या लोकांकडून तसाच वागणारा दुसरा लिहवून घेतला, आणि १९८३ पासून तिचे संगणक बाजारात आले. मग इतरांनी तोच मार्ग धरला. परिणामी पीसी कोणा एकाचा राहिला नाही. त्यासाठी खेळ लिहावयास कोणाची अनुज्ञा घ्यावी लागत नसे.

याचे फळ काय मिळाले? १९९३ च्या डिसेंबरात टेक्सासमधील इड सॉफ्टवेअर या छोट्या मंडळीने डूम हा खेळ काढला. त्याचा पहिला भाग कोणीही फुकट घ्यावा, नक्कल करून मित्रांना द्यावा, आवडल्यास पुढचे भाग विकत घ्यावेत, अशी योजना होती. शिवाय खेळाची चित्रे, ध्वनी आणि नकाशे मुख्य प्रोग्रॅमपासून वेगळे ठेवले होते, जेणेकरून खेळणाऱ्यांनी आपले स्वतःचे नकाशे रचावेत. हजारोंनी ते रचले. १९९७ साली तर त्या मंडळीने खेळाचा मूळ प्रोग्रॅमच जगाला खुला केला. पुढे १९९८ मध्ये हाफ-लाइफ हा खेळ आला. त्यात फेरफार करून दोन हौशी तरुणांनी १९९९ साली काउंटर-स्ट्राइक तयार केला. आपल्याकडील सायबर कॅफेत तासाच्या दराने संगणक घेऊन, शेजारी बसलेल्या मित्रावर ओरडत ज्यांनी तो खेळला आहे, असे काही चेहरे मला समोर दिसत आहेत. खेळणाऱ्यांनीच आपल्या घरी बसून घडविलेला हा खेळ होता. कुलूपबंद कन्सोलवर असे काही जन्माला येणे जवळजवळ अशक्य होते.

कन्सोलवाल्यांवर अन्याय करण्याची माझी इच्छा नाही. माझ्या आईने आयुष्यात एकच व्हिडिओ गेम खेळला, आणि तो कन्सोलवर. हातातील दांडी हलवून पडद्यावर टेनिस खेळावयाचा तो खेळ होता. तिने सूचनापुस्तिका वाचली नाही, कोणास काही विचारलेही नाही. पीसीवर तिला ते सुख मी कधीच देऊ शकलो नसतो. कारण पीसीवर खेळण्यापूर्वी अर्धा तास पीसीशीच खेळावे लागते. हा अर्धा तास वाचविण्याची किंमत लोक आनंदाने देतात, आणि त्यात मूर्खपणा काही नाही.

प्रश्न पुढे उभा राहतो. सोनी कंपनीने २००६ साली प्लेस्टेशन ३ काढले, तेव्हा त्यावर लिनक्स बसविण्याची सोय तिने स्वतःच ठेवली होती. अनेकांनी ते त्यासाठीच घेतले. अमेरिकेच्या वायुदलाच्या संशोधनशाळेने तर सुमारे सतराशे प्लेस्टेशन एकत्र जोडून त्यांचा महासंगणक उभारला. मग १ एप्रिल २०१० रोजी कंपनीने एक सुधारणा पाठविली आणि सुरक्षिततेचे कारण देऊन ही सोय काढून घेतली. सुधारणा स्वीकारावी, तर लिनक्स गेले; नाकारावी, तर कंपनीच्या जाळ्यावरून मित्रांशी खेळणे बंद. यंत्र तेच, मालकाच्या घरातले, त्याच फडताळावरचे. तरी त्याचे एक अंग दुरून छाटले गेले. पुढे अमेरिकेत ग्राहकांनी सामुदायिक दावा केला आणि काही वर्षांनी तडजोड झाली. पैसे थोडेफार मिळाले असतील. सोय परत आली नाही.

असाच, पण फार लहान प्रमाणातला अनुभव माझाही आहे. पहिल्या नोकरीच्या पगारातून मी हातात धरून खेळावयाचे एक यंत्र घेतले होते. कंपनीचे नाव सांगत नाही. तिची सेवा एरवी चांगली होती. अकरा खेळ मी तिच्या दुकानातून तारेवरून उतरवून घेतले. सात-आठ वर्षांनी यंत्र बिघडले. ते खेळ त्या एका यंत्राशी बांधलेले होते, आणि त्या नमुन्याची दुरुस्ती बंद झाल्याचे उत्तर मला आले. माझ्याजवळ पावत्या होत्या, खेळ नव्हते. एका खेळात मी आणि माझ्या दिवंगत मित्राने मिळून वसविलेले एक गाव होते. त्याची घरे, कुंपणे, त्याने हट्टाने नदीकाठी लावलेली झाडे, हे सारे त्या बंद यंत्रात आहे. मी ते अजून टाकलेले नाही.

मी एकटाच नाही. निन्टेंडोच्या वी या यंत्राचे दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झाले, थ्रीडीएस आणि वी यू यांचे मार्च २०२३ मध्ये. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी करून दाखविले, की २०१० पूर्वी तेथे प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी सत्त्याऐंशी टक्के खेळ आता सरळ मार्गाने विकत मिळत नाहीत. ग्रंथालयात बसून आपण क्षणभर कल्पना करावी: २०१० पूर्वीच्या दर शंभर पुस्तकांपैकी सत्त्याऐंशी बाजारातून नाहीशी झाली आहेत, आणि उरलेली वाचावयास प्रकाशकाची रोजची अनुमती लागते! मार्च २०२४ अखेर युबिसॉफ्टने द क्रू या खेळाचे सर्व्हर बंद केले, तेव्हा पैसे देऊन घेतलेला तो खेळ जगभर एकदमच निरुपयोगी झाला. याविरुद्ध युरोपात चळवळ उभी राहिली, आणि जुलै २०२५ पर्यंत तिच्या निवेदनावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. खेळासाठी माणसे अशी सह्या करतील, असे पूर्वी कोणी म्हटले असते तर हसू आले असते.

पीसी तरी यातून सुटला आहे काय? पूर्णपणे नाही. पेटी उघडी राहिली, पण तिच्या आतील ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे इतर सर्व प्रोग्रॅमांचा कारभार पाहणारी मूळ व्यवस्था, बहुतेक सर्वत्र मायक्रोसॉफ्टची विंडोज झाली. १९९५ पासून खेळकर्ते तिच्या डायरेक्टएक्स या साधनांवर विसंबून खेळ लिहू लागले. लिनस टॉरव्हाल्ड्स या हेलसिंकीतील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेले लिनक्स फुकट होते, कोणालाही उघडून पाहता, बदलता येत होते. पण त्यावर खेळ नव्हते. खेळ नाहीत म्हणून खेळणारे नाहीत, आणि खेळणारे नाहीत म्हणून खेळ नाहीत. १९९८ साली लोकी नावाची कंपनी निघाली. तिने चांगले चांगले खेळ लिनक्सवर आणले, आणि २००२ च्या आरंभी ती बुडाली. मी तिच्या एका खेळाची पेटी जपून ठेवली आहे.

हे चक्र फुटले ते एका चिकाटीच्या कामामुळे. १९९३ सालीच काही प्रोग्रॅमकर्त्यांनी वाइन नावाचा उद्योग आरंभिला होता. खेळ हा पावलोपावली ऑपरेटिंग सिस्टिमला विनंत्या करीत असतो: अमुक फाइल उघड, अमुक ध्वनी वाजव, येथे हा त्रिकोण रंगव. वाइन या विनंत्या विंडोजच्याच नावांनी स्वीकारते आणि लिनक्सकडून त्या पुऱ्या करून घेते. खेळाला आपण परक्या घरी आहोत, हे कळतच नाही. हे काम विंडोजचा गुप्त मजकूर चोरून केलेले नाही; तिचे वागणे बाहेरून निरखून, एकेक विनंती तपासून केलेले आहे. मघाशी सांगितलेली दुसऱ्या प्रकारची किल्ली ती हीच. वाइनची पहिली पूर्ण आवृत्ती २००८ मध्ये निघाली, म्हणजे पंधरा वर्षांनी. पुढे विंडोजच्या चित्रविषयक विनंत्यांचे व्हल्कन या खुल्या पद्धतीत रूपांतर करणारे डीएक्सव्हीके आले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने ही सारी साधने प्रोटॉन या नावाने आपल्या स्टीम या दुकानात बसविली. त्या दिवसापासून विंडोजचे हजारो खेळ लिनक्सवर एका बटणासरशी चालू लागले. २०२२ साली त्याच कंपनीने स्टीम डेक हे हातात मावणारे यंत्र काढले. ते कन्सोलसारखे सोपे आहे आणि आतून लिनक्स आहे. त्याचा संपूर्ण संगणक म्हणूनही वापर करता येतो. माझ्या आईला मी आज कदाचित तेच दिले असते.

व्हॉल्व्हने हे परोपकारासाठी केले, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. तिचे प्रमुख गेब न्यूएल यांनी २०१२ मध्येच विंडोज ८ ही पीसीच्या जगावरील आपत्ती आहे, असे उघड म्हटले होते. मायक्रोसॉफ्टने आपले स्वतःचे दुकान विंडोजमध्ये थाटले, तर आपले काय, ही चिंता त्यांना होती. शिवाय स्टीम हेही कुलूपच आहे. तेथे आपल्याला मिळतो तो खेळाचा परवाना, मालकी नव्हे. आणि कॅलिफोर्नियात तसा कायदा झाल्यानंतर २०२४ पासून ते दुकान पैसे घेतानाच हे सांगू लागले. ज्यांना कुलूप नकोच आहे, त्यांच्यासाठी २००८ मध्ये पोलंडमधून सुरू झालेले गॉग हे दुकान आहे. तेथे घेतलेला खेळ आपल्या डिस्कवर उतरवून ठेवता येतो, आणि उद्या दुकान बुडाले तरी तो चालतो. मी शक्य तेव्हा तेथूनच घेतो.

लिनक्सच्या उणिवाही सांगावयास हव्यात. एका सुधारणेनंतर माझ्या संगणकाचा आवाज गेला, तो परत आणण्यात माझा एक अख्खा रविवार गेला. पण ही किरकोळ बाब झाली. खरी अडचण निराळी आहे. अनेकांनी मिळून खेळावयाच्या स्पर्धात्मक खेळांत लबाडी पकडण्यासाठी जे पहारेकरी प्रोग्रॅम असतात, त्यांपैकी कित्येकांना ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात बसून मालकावरच नजर ठेवावयाची असते. लिनक्सचा गाभा मालकाला स्वतः बदलता येतो. तेव्हा पहारेकऱ्याने विश्वास कोणावर ठेवावा? म्हणून फोर्टनाइट लिनक्सवर आलाच नाही, आणि एपेक्स लेजंड्सने लिनक्सवर दोन-अडीच वर्षे चालल्यावर २०२४ च्या ऑक्टोबरअखेर दार लावून घेतले. ज्या स्वातंत्र्याचे मी एवढे गोडवे गात आहे, तेच येथे आड येते. रायपूरला असलेला माझा पुतण्या मित्रांबरोबर असेच खेळ खेळतो. तो विंडोज ठेवतो, आणि मी त्याला दोष देत नाही. मित्रांशिवाय खेळ घेऊन त्याने काय करावे? स्टीमच्या स्वतःच्या पाहणीत लिनक्सवर खेळणाऱ्यांचे प्रमाण २०२५ च्या ऑक्टोबरात प्रथमच तीन टक्क्यांच्या वर गेले. हा आकडा मोठा नाही.

लिनक्स फार कठीण, हा आक्षेप मात्र मला पटत नाही. केरळातील सरकारी शाळांत मुले कित्येक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आली आहेत, आणि ती त्याला कठीण म्हणत नाहीत. शाळेतला संगणक म्हणतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे असंख्य धडधाकट संगणक अडगळीत जाऊ लागले. अशांपैकी एक, २०१४ साली घेतलेला, मी लिनक्स घालून वापरात ठेवला आहे. नवे भव्य खेळ त्याला पेलत नाहीत. जुने सर्व पेलतात.

जुन्यावरून आणखी एक हकिगत आठवली. आपल्यापैकी ज्यांनी १९९० नंतर शाळेच्या संगणकावर प्रिन्स ऑफ पर्शिया खेळला असेल, त्यांना तो पांढऱ्या कपड्यांतला राजपुत्र आठवत असेल. त्याचे कर्ते जॉर्डन मेकनर यांनी १९८९ मध्ये मूळ खेळ ॲपल-२ या संगणकासाठी लिहिला. त्याचा मूळ प्रोग्रॅम नंतर हरवला. २०१२ साली त्यांच्या वडिलांना, ज्यांनी त्या खेळाचे संगीत रचले होते, घरात फ्लॉपींची एक पेटी सापडली. तज्ज्ञांनी जुनी यंत्रे आणून त्या तबकड्या वाचल्या, आणि मेकनर यांनी तो प्रोग्रॅम सर्वांसाठी प्रसिद्ध केला. तेवीस वर्षे तो एका कपाटाच्या भरवशावर होता. त्या फ्लॉपींना कुलूप असते, आणि किल्ली बंद पडलेल्या एखाद्या दुकानाकडे असती, तर पेटी सापडूनही उपयोग झाला नसता.

माझा तो २०१४ चा संगणक मी आज बाहेरच्या दालनात, वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी मांडून ठेवला आहे. त्यावर डूमचा १९९३ साली फुकट वाटलेला तोच पहिला भाग आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी आपल्या पेनड्राइव्हवर घेऊन जावा. त्यास तेव्हाही कोणाची हरकत नव्हती, आताही नाही. खेळताना बाणांच्या कळा जरा जपून दाबाव्यात, डावीकडची थोडी अडकते.